विश्वास कमी पडला म्हणे

आमच्या ख्रिस्ती घरांत मयतीनंतर कधी ना कधी एक वाक्य कानावर येतंच: ‘कुठेतरी विश्वास कमी पडला असेल.’ बोलणारा माणूस वाईट नसतो. बरेचदा तो आपल्यासोबत रात्र रात्र गुडघ्यांवर बसलेला असतो. पण हे माझ्या आईच्या तोंडावर म्हटलं गेलं, आणि तेव्हापासून मला या वाक्याचा राग आहे.

माझा धाकटा भाऊ 23 व्या वर्षी ल्युकेमियानं गेला. अंबरनाथच्या एमआयडीसीत त्याला नुकती नोकरी लागली होती. त्यानंतर 14 महिने पहाटेची लोकल, दादरला उतरून परळ, संध्याकाळी परत. डब्याच्या दारातूनच आई ओरडायची, ‘पेशंट आहे हो!’ आणि लोक उठायचे. मध्य रेल्वेबद्दल काहीही बोला, लोक उठायचे.

प्रार्थनेत आम्ही काही बाकी ठेवलं नाही. शुक्रवारी आईचा उपास. मंगळवारी बदलापूरहून मंडळीतली माणसं घरी यायची. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या एक सिंधी आंटी त्यांच्या भाषेत प्रार्थना करायच्या. आम्हाला त्यातलं येशूचं नाव तेवढं कळायचं. मधे एकदा भावाचे काउंट सुधारले. रविवारी आईनं उपासनेत उभं राहून साक्ष दिली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सात आठवड्यांनी रिपोर्ट पुन्हा बिघडला. दिलेली साक्ष मागे कशी घ्यायची, याची आमच्यात काही रीत नाही.

तो गेल्यावर मी पंडिता रमाबाईंबद्दल वाचायला लागले. शाळेत त्या ‘समाजसुधारक’ म्हणून दोन ओळींत संपतात. त्यांच्या आयुष्यातल्या मयती मोजा. दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण. 1880 मध्ये भाऊ. 1882 मध्ये नवरा, पटकीनं. तेव्हा पदरात वर्षाचीही नसलेली मुलगी, मनोरमा. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं, दुष्काळातल्या निराधार मुली तिथे आल्या, आणि मोठी झालेली मनोरमा आईचा उजवा हात झाली. आपल्यामागे हीच सगळं सांभाळेल, असं रमाबाईंनी धरलं होतं. 24 जुलै 1921 ला मनोरमा गेली. वय 40.

केडगावात प्रार्थनेची कमतरता होती, असं कोण म्हणेल? तिथे मुली घोळक्यानं प्रार्थनेला बसत. आणि रमाबाईंचा विश्वास कमी पडला, असं म्हणायची माझ्या ओळखीतल्या एकाही पास्टरची हिंमत होणार नाही. मग अंबरनाथच्या दोन खोल्यांतल्या बाईला ते इतक्या सहज कसं म्हणता येतं?

रमाबाईंनी त्या वेळी काय केलं? त्या हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करत होत्या. मुलगी गेल्यावरही त्यांनी ते काम सोडलं नाही. मनोरमानंतर नऊ महिन्यांच्या आत, 5 एप्रिल 1922 ला, त्याही गेल्या.

त्या भाषांतरात स्तोत्रसंहिताही आहे, आणि त्यात 88 वं स्तोत्र. उपासनेत ते वाचलेलं मी कधी ऐकलं नाही. बाकीची रडगाणी शेवटी कुठेतरी आशेकडे वळतात, हे वळत नाही. रात्रंदिवस हाक मारतोय, तू तोंड का लपवतोस, असं विचारत ते सरळ अंधारात संपतं. कुणीतरी ते शास्त्रात राहू दिलं, याचा मला फार आधार वाटला. येशूनंही गेथशेमाने बागेत हा प्याला टळू दे म्हणून तीनदा मागितलं होतं. टळला नाही. तिथे कुणाचा विश्वास कमी पडला?

ईयोबाचे मित्र आठवा. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तोवर सगळं ठीक होतं. मग त्यांनी तोंडं उघडली.

कॅम्प चारच्या आंटींनी उघडलं नाही. त्या आल्या, पदर खोचला, खिचडी टाकली, भांडी घासली आणि आईशेजारी बसून राहिल्या. जाताना आईच्या डोक्यावर हात ठेवला. बस.

आई चर्चला जायची थांबली नाही. वर्षभर मात्र गीतांच्या वेळी ती ओठ मिटून उभी असायची. एकदा मी विचारलं, अजून विश्वास आहे का गं? ती मेथी निवडत होती. म्हणाली, ‘भांडण चालू आहे आमचं. नसलेल्याशी कोण भांडतं?’ आणि पुढची जुडी ओढली.

देवानं भावाला का नेलं, याचं उत्तर तिला मिळालेलं नाही. मलाही नाही. ‘देवाची योजना’ हे शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नाही. पाहुण्यांनी उच्चारले तर आई उठून चहा ठेवायला जाते.

गेल्या पावसाळ्यापासून ती बदलापूरला एका घरी जाते. तिथे नऊ वर्षांची मुलगी आजारी आहे, तोच आजार. आई डबा नेते, मुलीचे पाय चेपते, मग प्रार्थना करते. एकदा मी सोबत होते. आधी तिनं पोरीला आज झोप लागू दे म्हणून मागितलं. मग थोडा वेळ थांबली, घसा साफ केला, आणि तिला बरं कर म्हणूनही मागितलं.