बारोलोची वेळ

बारोलो कधी प्यावी, असं मला रोज कुणी ना कुणी विचारतं. इटलीतल्या आल्बा गावात मी एका उपाहारगृहात वाइन वाढते, तिथे पाहुणे विचारतात. पुण्या-मुंबईचे नातलग कुणी भेट दिलेली बाटली समोर ठेवून फोनवर विचारतात. माझं उत्तर आता पक्कं झालं आहे. या वाइनला वेळ दोनदा द्यावा लागतो. आधी काही वर्षं बाटलीत, मग काही तास टेबलावर. वर्षांचा हिशेब वाइन करणारा आणि ती जपणारा बघतो. तास मात्र वाढणाऱ्याच्या हातात असतात, आणि सगळा घोटाळा बहुधा तिथेच होतो.

आल्बाच्या नैऋत्येला लांगेच्या टेकड्या आहेत. तिथल्या अकरा गावांच्या हद्दीत पिकलेल्या नेब्बिओलो या एकाच द्राक्षाची बारोलो होते. दुसरं द्राक्ष त्यात चालत नाही. नेब्बिओलोला कोंब लवकर फुटतात, पिकायला मात्र ते सगळ्यांच्या मागे राहतं. शेजारचं डॉल्चेत्तो सप्टेंबरातच उतरवलेलं असतं, तेव्हा हे ऑक्टोबरच्या धुक्यात अजून वेलीवर असतं. साल पातळ, रंग कमी, पण आंबटपणा आणि तुरटपणा दोन्ही भरपूर. नवखा पाहुणा गडद जांभळ्या वाइनची अपेक्षा करून बसलेला असतो. ग्लासात पडते ती आरपार दिसणारी, कडेला विटकरी झाक असलेली फिकट लाल वाइन. ही हलकी असणार असं समजून तो घोट घेतो, आणि कच्च्या सुपारीने ओढावी तशी त्याची जीभ ओढली जाते.

हा तुरटपणा टॅनिनचा. सालीतून आणि बियांतून टॅनिन वाइनमध्ये उतरतं आणि तोंडात लाळेतल्या प्रथिनांना जाऊन चिकटतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. बाटलीत वर्षं जातात तसे टॅनिनचे कण एकमेकांना आणि रंगद्रव्यांना धरत जातात. त्यातले काही जड होऊन तळाशी गाळ म्हणून बसतात. ओढ कमी होते, चव गोलसर होते. वासही बदलतो. चेरी आणि ताजा गुलाब मागे पडतो आणि सुकलेल्या पाकळ्या, डांबर, ज्येष्ठमध, तंबाखू, पावसाळी रानातला पाचोळा असं एकेक पुढे येतं.

कायद्याने बारोलोला किमान ३८ महिने थांबावं लागतं, त्यातले १८ लाकडी पिंपात. ‘रिझर्वा’ असं लेबल लावायच्या बारोलोसाठी हीच मुदत ६२ महिन्यांची. म्हणजे २०२० च्या हंगामाची बारोलो जानेवारी २०२४ च्या आधी बाजारात येऊच शकत नव्हती. पण बाजारात आली म्हणून ती प्यायला तयार झाली असं नाही. त्यासाठी मी लेबलावर तीन गोष्टी बघते: गाव, साल आणि करणारा.

पश्चिमेकडच्या ला मोर्रा आणि बारोलो या गावांत निळसर राखाडी चिकणमातीची जमीन आहे. तिथली वाइन सुगंधी, मवाळ. आठ-दहा वर्षांत ती मोकळेपणाने बोलू लागते. पूर्वेकडच्या सेर्रालुंगा आणि मॉनफोर्तेची जमीन अधिक जुनी, तिच्यात वालुकाश्म जास्त. तिथली वाइन अंगाने कणखर. तिला पंधरा वर्षं दिली तरी ती लवकर वाटू शकते. सालाचंही तसंच. २०१० आणि २०१६ ही तोललेली, दीर्घ पल्ल्याची सालं. २०१७ उष्ण आणि कोरडं गेलं. त्या सालाच्या पुष्कळ बाटल्या आज आनंदाने पिता येतात.

तिसरी गोष्ट करणाऱ्याची, आणि तिच्यावरून या टेकड्यांत घराघरांत वाद झाले. टॅनिन लवकर मऊ व्हावं म्हणून काही तरुणांनी साली थोडेच दिवस भिजवल्या आणि मोठ्या जुन्या पिंपांऐवजी छोटी नवी फ्रेंच पिंपं, म्हणजे बॅरिक, आणली. त्या तरुणांपैकी एलिओ आल्तारे यांनी १९८३ मध्ये वडिलांची जुनी पिंपं यांत्रिक करवतीने कापून काढली. समोरच्या बाजूला जुन्या पद्धतीने वाइन करणारे बार्तोलो मास्कारेल्लो होते. २००५ साली निधन होईपर्यंत ते बॅरिकविरुद्ध उभे राहिले, आणि आपला विरोध त्यांनी लेबलावर स्वतःच्या हाताने रंगवला. आज ती धग ओसरली आहे, बहुतेकांनी मधला मार्ग धरला आहे. माझ्यापुरतं सांगायचं तर मी जुन्या मोठ्या पिंपांच्या बाजूची. नव्या लाकडाचा व्हॅनिलासारखा वास नेब्बिओलोचा गुलाब झाकून टाकतो, आणि ज्या सुगंधासाठी इतकी वर्षं थांबायचं तोच हरवतो.

आता टेबलावरचे तास. दहा वर्षांच्या आतली बारोलो असेल तर ती जेवणाआधी दोन-तीन तास रुंद बुडाच्या काचपात्रात ओतून ठेवावी. नुसतं बूच काढून बाटली उभी ठेवल्याने फारसं काही होत नाही, कारण मानेत हवा लागते ती नाण्याएवढ्या जागेला. या तासांनी वाइनचं वय वाढत नाही. फक्त कोंडलेला वास मोकळा होतो. वीस-तीस वर्षांच्या बाटलीला मात्र इतकी हवा सोसत नाही. ती एक-दोन दिवस आधी उभी करून ठेवावी, म्हणजे गाळ तळाशी बसतो. बूच ठिसूळ झालेलं असतं, ते सावकाश काढावं. मग मानेमागे दिवा धरून एकाच संथ धारेत ओतावं आणि गाळ मानेपाशी आला की थांबावं. ओतण्याआधी थोडी चाखून घ्यावी. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर दोष बुचाचा असतो आणि तो हवेने जात नाही. ती बाटली बाजूला ठेवावी.

तापमान १६ ते १८ अंश. बारोलोत अल्कोहोल १४ टक्क्यांच्या आसपास असतं. वाइन कोमट झाली की तेच नाकात जातं आणि गुलाब दबतो. फार गार झाली तर टॅनिन टोचतं. ग्लास मोठ्या पोटाचा घ्यावा आणि एक तृतीयांशच भरावा. सोबत स्निग्ध आणि प्रथिनयुक्त जेवण हवं, म्हणजे टॅनिनला लाळेखेरीज दुसरं काही धरायला मिळतं. इथे बारोलोतच तासन् तास शिजवलेलं गोमांस असतं, भरपूर पिवळ्या बलकांचे ताजारिन नूडल्स असतात, शरद ऋतूत त्यांवर आल्बाचं पांढरं ट्रफल किसून घालतात.

घरच्यांना मी आणखी दोन गोष्टी सांगते. पुस्तकांत ‘खोलीचं तापमान’ लिहिलेलं असतं ते युरोपातल्या थंड घरांचं. मुंबईच्या तीस अंशांचं नाही. बाटली तिथे फ्रिजमध्ये दीड-दोन तास ठेवावी, किंवा बर्फाच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं. वाढावी थोडी थोडी, कारण ग्लासात ती पटकन तापते. आणि तांबडा रस्सा त्या दिवशी नको. तिखटाने अल्कोहोलची आग वाढते आणि तुरटपणा बोचरा होतो. मऊ शिजलेलं अळणी मटण चालेल, त्याची चरबी बारोलोला मानवते.

राहिला प्रश्न जपण्याचा. बारोलो अंधारात, आडवी, १२ ते १५ अंशांच्या स्थिर गारव्यात वर्षानुवर्षं सुधारते. माळ्यावर किंवा स्वयंपाकघराच्या कपाटात ती दोन उन्हाळ्यांत शिजून जाते. पिकलेपणाच्या आशेने उघडलेल्या अशा बाटलीत फळही नसतं आणि सुगंधही. मुलीच्या लग्नाला, निवृत्तीच्या दिवशी उघडू म्हणून ठेवलेल्या किती बाटल्या अशा गेल्या असतील, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्या बाटलीमागे कुणाचा तरी उतारावरचा वर्षभराचा घाम आहे.

म्हणून माझा सल्ला साधा आहे. वाइनसाठी थंड कपाट असेल तर चांगल्या सालाची बारोलो पंधरा वर्षं ठेवा, ती ठेवण्याचं चीज करेल. नसेल तर ती याच हिवाळ्यात काढा. दुपारी चारला काचपात्रात ओता, चार माणसं बोलवा आणि सातला जेवायला बसा. कोवळी बारोलो नीट वाढली तर पुष्कळ देते. उन्हाळ्यात शिजलेली बारोलो काहीच देत नाही.