नोमची सुरी आणि अब्बांचं चाक

आम्ही दोघं भाऊ शिकलगारांच्या घरात वाढलो. अब्बा आठवडी बाजारांतून कुरुंदाचं चाक घेऊन फिरायचे. सुऱ्या, कात्र्या, अडकित्ते, कोयते, न्हाव्याचे वस्तरे, जे पुढ्यात येईल त्याला धार लावून द्यायचे. बकरीदच्या आधीच्या आठवड्यात आमच्या ओसरीवर सुऱ्यांचा ढीग पडलेला असे. एकाने चाकाचा पट्टा ओढायचा, दुसऱ्याने थेंब थेंब पाणी सोडायचं, हे आमचं लहानपणीचं काम. पुढे एक एसटीत लागला, एक शाळेत. अब्बा गेले आणि चाक परसात पडून राहिलं.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच की, गेल्या जूनमध्ये आम्ही अलास्काला जाऊन आलो आणि तिथे बर्फापेक्षा सुऱ्याच जास्त पाहिल्या.

धाकट्याचा मुलगा अँकरेजला नोकरी करतो. त्याने तिकिटं पाठवली तेव्हाच आम्ही ठरवलं होतं की, परत येताना अब्बांच्या आठवणीसाठी एक चांगली सुरी आणायची. दोघांच्या पेन्शनमधून थोडे थोडे पैसे बाजूला काढले होते. मुलाला हे सांगितलं तर तो हसून म्हणाला, “बडे अब्बा, मग तुम्हाला नोमलाच न्यायला हवं. तिथे इनुपियात लोकांच्या सुऱ्या बघा. मूठ वालरसच्या सुळ्याची आणि त्यावर कोरलेली चित्रं.”

इनुपियात हे अलास्काच्या उत्तर आणि वायव्य किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी. सील, वालरस, देवमासा, मासे आणि कॅरिबू यांच्यावर त्यांचं पिढ्यान्‌पिढ्या पोट चाललं आहे. नोमला जाण्याआधी मुलाने आम्हाला अँकरेजच्या संग्रहालयात नेलं. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने आपल्याकडच्या अलास्कातल्या सहाशेहून जास्त वस्तू 2010 पासून तिथे मांडायला दिल्या आहेत. त्यांत भोकं पाडायच्या सामत्याचे सुळ्यापासून केलेले दांडे आहेत. बोटभर रुंदीच्या दांड्यावर शिकारीची अख्खी कथा कोरलेली. होडीत बसलेली माणसं, पोहणारे देवमासे, हरणांचा कळप, नाचणारी मंडळी, सगळं मुंगीएवढं.

त्याच संग्रहालयात आम्ही पहिल्यांदा ‘उलू’ पाहिली. अर्धचंद्रासारखं पातं आणि वर आडवी मूठ. उलू ही बाईची सुरी. कातडं सोलणं, मासा साफ करणं, मांस कापणं, शिवणकामासाठी चामडं बेतणं, सगळं तिनेच. आईकडून लेकीकडे ती जाते. पूर्वी पातं घासलेल्या पाटीच्या दगडाचं असे, पुढे जुन्या करवतीच्या पोलादातून कापून घेऊ लागले. आम्हाला आमच्या अम्मीची मोरळी आठवली. मोरळी जागेवर बसते आणि भाजी तिच्याकडे जाते. उलूत हात थेट पात्याच्या डोक्यावर असतो आणि सगळा जोर सरळ खाली उतरतो. दोन्ही बायकांच्या हाताच्या आणि दोन्ही घर चालवणाऱ्या.

अँकरेजहून नोमला मोटारीचा रस्ता नाही. विमानाने सुमारे दीड तास लागतो. गावातून तीन रस्ते निघतात, पण तिन्ही बाहेरच्या जगाला जोडत नाहीत. गाव साडेतीन-चार हजार वस्तीचं. एका बाजूला बेरिंग समुद्र, दुसऱ्या बाजूला मैलोन्‌मैल झाडाविना पसरलेला ओलसर माळ. जूनच्या शेवटी सूर्य रात्री पावणेदोनच्या सुमारास मावळतो आणि अडीच तासांत परत उगवतो. पहिल्या रात्री आम्ही खिडकीवर ब्लँकेट टांगून झोपलो.

1898 मध्ये इथे सोनं सापडलं आणि दोन वर्षांत हजारो माणसं या किनाऱ्यावर तंबू ठोकून बसली. त्यांच्याआधी पन्नास वर्षं देवमाशांच्या शिकारीची अमेरिकन जहाजं या समुद्रात येऊ लागली होती. त्या जहाजांवरचे खलाशी रिकाम्या वेळात देवमाशाच्या दातांवर सुईने चित्रं कोरत आणि रेषांत काजळी भरत. त्या कामाला ‘स्क्रिमशॉ’ म्हणतात. इनुपियात लोकांना कोरणं नवं नव्हतं, पण नोममध्ये आता विकत घेणारे आले. मग पत्त्यांच्या डावात गुण मोजायच्या पाट्या, कागद कापायच्या सुऱ्या, शिकारीच्या सुऱ्यांच्या मुठी असं काम निघू लागलं. यात सगळ्यांत नावाजलेला कारागीर अंगोकवाझुक. गोरे लोक त्याला हॅपी जॅक म्हणत. त्याने जहाजावर काम केलं होतं. फोटोत दिसणारा चेहरा तो सुळ्यावर जसाच्या तसा उतरवायचा. 1918 च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत तो गेला. त्या साथीने इथल्या मूळ रहिवाशांची घरंच्या घरं रिकामी केली.

समुद्राला लागून असलेल्या मुख्य रस्त्यावर एका दुकानात आम्हाला हवी तशी सुरी दिसली. काचेच्या कपाटात, जुन्या चामडी म्यानासह. पातं कारखान्यात बनलेलं, वीतभर लांब. मूठ पिवळसर, जुन्या लोण्याच्या रंगाची. एका बाजूला बर्फाच्या लादीवर पहुडलेले तीन वालरस. दुसऱ्या बाजूला कातड्याची होडी आणि तिच्यात सहा माणसं. ज्याच्या हातात भाला होता, त्याच्या अंगरख्याच्या टोपीची केसाळ कडासुद्धा दिसत होती. बुडाशी कारागिराची सही आणि गावाचं नाव.

किंमत ऐकून आम्ही एकमेकांकडे पाहिलं. तीन महिन्यांची पेन्शन. सवयीने आम्ही पातं उजेडात धरलं आणि थोरल्याच्या तोंडून निघूनच गेलं, “अरेरे, हे कोणी केलं?” कोणीतरी मशीनवर घाईघाईत धार काढली होती. पात्याचं पोट खाल्लं गेलं होतं आणि टोकाकडे पोलाद तापून निळं पडलं होतं. धाकटा म्हणाला, “आपण घरी नेऊन नीट करू. तासाभराचं काम.”

दुकानाच्या कोपऱ्यात एक म्हातारे गृहस्थ छोट्या टेबलाशी बसून काहीतरी घासत होते. स्वतः इनुपियात, हाताला सुळ्याची पांढरी भुकटी लागलेली. मुलगा आमचं बोलणं त्यांना सांगत गेला, त्यांचं आम्हाला. ते म्हणाले, “जुन्या सुरीला आता कोणी हात लावू नये. ज्याने मशीनवर धरली, त्याने तिची निम्मी किंमत घालवली.” जमवणाऱ्यांच्या जगात नियम उलटा आहे. जुनी सुरी घासायची नाही, चकाकवायची नाही, धार तर मुळीच लावायची नाही. पात्यावरचा काळपटपणा, म्यान, सही, गावाचं नाव, हे सगळं जसंच्या तसं असेल तर तिला मोल. मूठ हीटरजवळ किंवा उन्हात ठेवायची नाही, नाहीतर सुळा तडकतो. पाण्याने धुवायची नाही. आम्ही आयुष्यभर जे शिकलो, त्याच्या नेमकं विरुद्ध!

मग त्यांनी अस्सल सुळा कसा ओळखायचा ते दाखवलं. हत्तीदंत आडवा कापला तर त्यात एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते. वालरसच्या सुळ्यात बाहेरचा थर गुळगुळीत आणि आतला गाभा ठिपक्याठिपक्यांचा, घट्ट झालेल्या खिरीसारखा. हाडावर भिंगातून बारीक काळी छिद्रं दिसतात. प्लॅस्टिकमध्ये यातलं काहीच नसतं. बाहेरून आणलेला नकली मालही इथलाच म्हणून खपवला जातो. म्हणून अलास्का सरकारने मूळ रहिवाशांनी स्वतः केलेल्या वस्तूंसाठी रुपेरी हाताचं चिन्ह ठरवलं आहे.

कोरायची रीत त्यांनी एका तुकड्यावर करून दाखवली. आधी पृष्ठभाग घासून आरशासारखा करायचा. मग टोकदार सळईने हलक्या हाताने रेषा ओढायच्या, शाई चोळायची आणि लगेच पुसायची. वरची शाई निघून जाते, रेषेतली राहते. रेष चुकली तर खोडरबर नाही; पुन्हा सगळं घासून काढायचं. शाईची बाटली उचलून ते हसले. बाटलीवर ‘इंडिया इंक’ असं लिहिलेलं होतं. “तुमच्याकडचीच,” ते म्हणाले.

आम्ही पाकीट काढलं तेव्हा त्यांनीच विचारलं, “ही सुरी कुठे नेणार?” भारतात, म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. म्हणाले, “मग घेऊ नका. कागदपत्रांशिवाय विमानतळावर काढून घेतील.”

अमेरिकेत 1972 च्या समुद्री सस्तन प्राण्यांच्या कायद्याने वालरस मारायला बंदी आहे. अलास्काच्या किनाऱ्यावरच्या मूळ रहिवाशांना मात्र पोटासाठी शिकार करता येते आणि सुळ्यापासून वस्तू करून विकता येतात. कच्चा सुळा बाहेरच्याला विकता येत नाही. वस्तू देशाबाहेर न्यायची तर परवाना लागतो, आणि ती आपल्या देशात आणायची तर इकडचे नियम वेगळे. आपला वन्यजीव संरक्षण कायदाही 1972 चाच.

म्हाताऱ्यांचं दुःख पुढे होतं. आफ्रिकेतल्या हत्तींची कत्तल थांबावी म्हणून अमेरिकेतल्या काही राज्यांनी हस्तिदंतावर कडक बंदी घातली, ते योग्यच झालं. पण कॅलिफोर्नियासारख्या राज्याने 2016 पासून लागू केलेल्या कायद्यात वालरसचा सुळाही धरला. मोठ्या विक्रीच्या वेबसाइटही कुठल्याच प्रकारचा सुळा घेत नाहीत. म्हातारे म्हणाले, “आम्ही सुळ्यासाठी शिकार करत नाही. मांस घराघरांत वाटतो, कातडं वापरतो, सुळा राहतो तो कोरतो. पण घेणारा आता घाबरतो. माझ्या नातवाने हे का शिकावं?”

वाटण्याची गोष्ट त्यांनी सहज सांगितली. उत्तरेकडे उतकियागविक गावात देवमासा मिळाला की जूनमध्ये मोठा सोहळा होतो. ज्या होडीला यश आलं तिचे लोक सगळ्या गावाला मांस वाटतात. म्हातारे, विधवा, पाहुणे, कोणी सुटत नाही. मुलाने हे आम्हाला मराठीत सांगितलं तेव्हा आमच्या डोळ्यांसमोर बकरीदला ओसरीवर मांडलेले तीन वाटे आले. अम्मी आधी गरिबांचा वाटा उचलायला लावायची, मग नातलगांचा.

“माझ्या नातवाने हे का शिकावं?” या प्रश्नावर आम्ही काय बोलणार? अब्बांनी हाच प्रश्न आम्हाला कधी विचारला नाही. आम्ही चाक सोडलं तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, “नोकरी चांगली आहे, करा.”

निघताना म्हाताऱ्यांनी टेबलाखालून एक उलू काढली. त्यांच्या आईची, करवतीच्या पोलादाची. मूठ लाकडी, हाताने झिजून काळी पडलेली. धार बोथट. त्यांची मुलगी अजून तिनेच सामन कापते. थोरल्याने विचारलं, “हिला धार लावली तर चालेल?” ते म्हणाले, “ही कामाची सुरी आहे. तिला धार हवीच.”

दुकानात एक चपटा दगड होता. एकाने पाणी सोडलं, दुसऱ्याने पातं धरलं. धार एकाच बाजूने होती, ती तशीच राखली. पन्नास वर्षांनी आम्ही दोघं एका दगडाशी बसलो होतो. अर्ध्या तासाने म्हाताऱ्यांनी कागदाचा तुकडा पात्यावर नुसता टेकवला, तो दोन झाला. त्यांनी थोरल्याचा अंगठा हातात घेऊन पाहिला. शिकलगाराच्या अंगठ्याला जुना घट्टा असतो, तो अजून पुरता गेलेला नाही. पैसे कोणी कोणाला दिले नाहीत. त्यांनी सुकवलेल्या सामनची एक पुडी बांधून दिली.

ती कोरीव सुरी आम्ही घेतली नाही. बाजूला ठेवलेल्या पैशांतून त्यांच्याच हातची एक साधी उलू घेतली. बर्च लाकडाची मूठ, करवतीचं पातं. सुळा नाही, चित्र नाही. मुठीच्या बुडाशी मात्र त्यांनी आमच्यासमोर आपलं नाव आणि गाव कोरलं. ती आम्ही विमानात सामानाच्या मोठ्या बॅगेत घालून आणली.

आता ती आमच्या स्वयंपाकघरात मोरळीशेजारी असते. घरातल्या बायकांना आधी हसू आलं होतं, आता कोथिंबीर तिच्यावरच चिरतात.

परत आल्यावर कळलं की, मुलांनी आम्हाला खूश करायला अब्बांचं चाक परसातून काढलं होतं. सँडपेपरने घासून त्याला रंग द्यायचा बेत होता. डबाही आणून ठेवला होता. आम्ही थांबवलं. त्याच्या लाकडी चौकटीवर, जिथे अब्बांचा डावा गुडघा टेकायचा, तिथे एक गुळगुळीत खळगा पडला आहे. त्यांनी हजारो पात्यांना धार लावली आणि एकावरही नाव घातलं नाही. आम्ही चौकटीच्या खालच्या बाजूला, कोणाला सहज दिसणार नाही अशा जागी, खिळ्याने त्यांचं नाव आणि गाव कोरलं. रेषेत काजळ भरलं आणि वरचं पुसून घेतलं.