मीठ कोण बघणार?

आमची धाकटी चार वर्षांची. गेल्या जूनमध्ये तिची बालवाडी सुरू झाली, तेव्हा शाळेने दिलेल्या कागदावर डब्याविषयी एकच ओळ होती : डबा शाकाहारी हवा, अंडंही चालणार नाही. आम्हाला त्यात अवघड काही वाटलं नाही. आम्ही कोकणातले. मासळी रोजची असली तरी घावन, सांदणं, वालाचं बिरडं, कुळथाची पिठी हेही आमच्याच चुलीवरचं. दादींनी मात्र तेव्हाच विचारलं, "पोर अंड्या-माशाशिवाय घास घेत नाही. डब्यात घालणार काय?"

झालं तसंच. मेथीचा पराठा अख्खा परत आला. उपमा परत आला. मुगाची उसळ शेजारच्या मुलीने खाल्ली, असं बाईंकडून कळलं. घरी आली की भुकेने रडायची. मग आम्ही लगेच अंडं उकडून द्यायचो आणि हसत म्हणायचो, "घासफूस ठेवून आलीस वाटतं!" आता लिहिताना लाज वाटते.

ऑक्टोबरात एका रात्री दस्तरखानावर बांगडा होता. तिने नाक दाबलं. "शी, घाण! असलं शाळेत आणत नाहीत." दादींचा घास हातातच राहिला. आमचा पहिला राग शाळेवर. दुसऱ्या दिवशी जाऊन भेटलो, तर बाई चकितच झाल्या; असा शब्द त्यांनी कधी वापरलाच नव्हता. परत येताना वाटेत आम्हाला आमचं 'घासफूस' आठवलं. अन्नाला नावं ठेवायला पोर शाळेत नाही, घरातच शिकली होती. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अन्नाला कधी नाव ठेवलं नाही, आवडलं तर खाल्लं, नाही तर सोडून दिलं. ही हदीस आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. पाठच होती.

तिला आम्ही एवढंच सांगितलं, की शाळेत सगळी मुलं एका चटईवर बसतात, कुणाच्या घरी मासे खात नाहीत, म्हणून तिथे सगळ्यांना चालेल ते न्यायचं. बांगडाही घाण नाही आणि भाजीही. तिला किती कळलं, अल्लाह जाणे.

दादींनी मग हजरत अनस (रजि.) यांची गोष्ट काढली. एका शिंप्याने प्रेषितांना (स.) जेवायला बोलावलं होतं, अनसही सोबत होते. रश्श्यात दुधी होता. प्रेषित (स.) ताटाच्या कडेकडेने दुधीच्या फोडी शोधून खात होते. ते पाहिलं त्या दिवसापासून अनस यांना दुधी आवडू लागला. गोष्ट ऐकून आम्ही दोघं गप्प. आमच्यापैकी एकाने (कोण ते विचारू नका) लहानपणापासून दुधी तोंडात घातला नव्हता. आणि पोरीने मात्र खावा!

तेव्हापासून घरात तीन डबे एकसारखे भरू लागलो. नाचणी आणि तांदळाच्या पिठात दुधी किसून केलेलं घावन त्यातलं मुख्य. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. मुगावर लिंबू पिळायचं, म्हणजे त्यातलं लोह अंगी लागतं. दाण्याचा कूट चालतो, पण अख्खे शेंगदाणे या वयात देत नाही, घशात अडकतात. एक गोष्ट फार उशिरा उमगली : गरम घावनावर झाकण लावलं की वाफेने त्याचा चिकट गोळा होतो. आधीचे कितीतरी डबे बहुधा त्यामुळेच परत आले असतील आणि आम्ही दोष दिला पोरीच्या जिभेला.

तरी अर्धा डबा परत यायचाच. मग रमजान आला. सहरीनंतर पीठ भिजवलेलं, सकाळी सगळे रोजात, मीठ बघणार कोण? दोन दिवस अंदाजाने घातलं, दोन्ही दिवस चुकलं. तिसऱ्या दिवशी दादींनी धाकटीला ओट्याजवळ पाटावर उभं केलं. पहिल्या घावनाचा तुकडा तिच्या हातात दिला. "बिस्मिल्लाह म्हण आणि सांग, बरोबर आहे का?" तिने डोळे मिटून चावलं. "थोडं हवं." आम्ही मुकाट्याने थोडं घातलं. दुसरा तुकडा. "आता ठीक." घरात तिचं कुणी इतकं ऐकलं नसेल. त्या दिवशी डबा रिकामा आला. अल्हम्दुलिल्लाह, महिनाभरात फार थोडे डबे उरले.

ईद झाली, आता चव बघायला आम्ही मोकळे आहोत. काल घाईत आम्हीच मीठ बघितलं आणि डबा भरला. दुपारी घावन निम्मं परत. विचारलं तर म्हणाली, "मला विचारलं नव्हतं ना."