कड्याच्या कडेवर

पाथरी हे नाव ऐकले की कोणालाही पत्थर आठवावा. प्रत्यक्षात गावाभोवती दृष्टी पोहोचेल तिथवर काळी, सपाट रानेच दिसतात. गोदावरी खोऱ्यातील या गावी एका कुटुंबाच्या भेटीस आम्ही गेलो होतो. घरातील मुलगा पुण्यास शिकत होता आणि सुटीच्या दिवशी सह्याद्रीचे कडे चढत होता. "फादर, तुम्हीच त्याला समजावा," असे म्हणत आईने एक जुने कात्रण आमच्या हाती ठेवले. ज्येष्ठ प्रस्तरारोहक अरुण सावंत यांच्या निधनाची ती बातमी होती.

सावंत हे अनेक वाटांचे प्रवासी. साम्रद गावाजवळची सांधण दरी भटक्यांना परिचित करून देणाऱ्यांत त्यांचे नाव घेतले जाते. खंडाळ्याच्या नागफणीवरून दोराच्या साह्याने दरी ओलांडण्याच्या साहसाशीही ते जोडलेले आहे. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा तर त्यांच्या निकट परिचयाचा. हा कडा आत वळलेला, नागाच्या फण्यासारखा. दोरावरून उतरणाऱ्याचे पाय खडकाला टेकत नाहीत. खोल दरीवर तो अधांतरी लोंबत राहतो. 18 जानेवारी 2020 रोजी सहकाऱ्यांसह हाच कडा उतरण्याच्या मोहिमेत सावंत दरीत कोसळले. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृतदेह सापडला. वयाची साठी त्यांनी गाठली होती.

या कात्रणाच्या आधारे चार शब्द सुनवावेत, असे आमच्या मनात होते. उंचीचे भय आम्हाला जन्मापासूनच! परंतु मुलाने आतून दोर आणला आणि तो शांतपणे सांगू लागला, "फादर, दोरावर लोंबणाऱ्याकडे सगळ्यांचे लक्ष असते. पण इतरांसाठी दोर लावणारा सर्वांत आधी कडेवर जातो आणि सर्वांत अधिक वेळ तिथे उभा राहतो. म्हणून त्याने आधी स्वतःला बांधून घ्यायचे. गाठ कितीही जुन्या माणसाने मारलेली असो, ती दुसऱ्याने तपासायची."

आम्ही निरुत्तर झालो. तीस वर्षे दुसऱ्यांच्या गाठी तपासत आलो. आमची कोणी तपासावी, असे आम्हाला कधी वाटलेच नव्हते.

'जाऊ नकोस' असे आम्ही म्हणालो नाही. इतकेच म्हणालो, "हा नियम एकदाही मोडणार नाहीस, हे आईला सांग." त्याने सांगितले. आई काही बोलली नाही. तिने खांबाला बांधलेला तो दोर हाती घेतला आणि दोन्ही हातांनी, सारे बळ लावून, ती गाठ ओढून पाहिली.