हवेवर तोललेला ट्रक

छंद म्हटला की टपालतिकिटे, बागकाम, पेटीवादन अशी नावे आपल्याला आठवतात. जुना ट्रक घरी आणून त्याचा सांधा न् सांधा सुटा करायचा आणि तो मनाजोगता पुन्हा उभारायचा, हाही छंद असू शकतो हे मला फार उशिरा कळले. अमेरिकेत असे हौशी कारागीर पुष्कळ आहेत. त्यांचा ट्रक म्हणजे आपली अवजड मालमोटार नव्हे. मागे उघडा हौदा असलेली ती लहान गाडी असते. नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी, घरालगतच्या गॅरेजमध्ये ती घडत जाते. थांबल्यावर गाडी जमिनीला टेकावी आणि निघताना कळ दाबताच वर उचलली जावी, ही त्यांची हौस.

या हौसेला इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात कॅलिफोर्नियातील मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी गाड्या जमिनीलगत आणण्याची रीत रुळवली. १९५८ साली तिथल्या कायद्याने गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या पातळीखाली असण्यास बंदी केली. तेव्हा १९५९ मध्ये रॉन अगिरे या तरुणाने तेलाच्या दाबावर वर-खाली होणारी गाडी तयार केली. पोलीस दिसले की गाडी वर उचलावी, ते गेले की खाली आणावी! पुढे अनेकांनी हेच काम दाबलेल्या हवेकडून करून घेतले. ती बंदी २०२४ च्या प्रारंभी उठली.

मला मात्र विचारात पाडले ते पाट्यांनी. मालमोटारीच्या ॲक्सलवर पोलादी पाटे एकावर एक रचलेले असतात. खेड्याच्या रस्त्याने बसगाडीच्या शेवटच्या बाकावरून प्रवास केलेल्याला त्यांची ओळख करून द्यायला नको. हे पाटे काढून त्यांच्या जागी रबराच्या, आतून धाग्यांचे बळ दिलेल्या हवेच्या पिशव्या बसवतात. हवा भरली की गाडी वर, सोडली की खाली. पण काम इथे संपत नाही. पाटे ओझे तर पेलतातच, शिवाय ॲक्सलला जागच्या जागी धरूनही ठेवतात. पिशवी केवळ ओझे पेलते. म्हणून ॲक्सल पुढेमागे किंवा आडवा सरकू नये यासाठी त्याला पोलादी दांड्यांनी चासीशी बांधावे लागते. गाडी खाली बसताना त्याला वर यायला जागा हवी, म्हणून चासीला कमानीसारखी खाच पाडून तो भाग पुन्हा मजबूत करावा लागतो. घरातले कर्ते माणूस चार दिवस परगावी गेले, की त्याच्या न बोलता चाललेल्या कामांची मोजदाद होते. पाट्याचेही तसेच आहे.

हवेच्या या करामतीमागे रॉबर्ट बॉइल यांनी १६६२ मध्ये मांडलेला नियम आहे. तापमान तेच असताना कोंडलेल्या हवेचे आकारमान निम्मे केले, तर तिचा दाब दुप्पट होतो. सायकलच्या पंपाचे तोंड अंगठ्याने बंद करून दांडा दाबणाऱ्या मुलाच्या हाताला तो नियम आधीच कळलेला असतो. शाळा त्याला नाव देते आणि माप देते. हे मापही हवेच. वेल्डिंग वरून सुबक दिसले तरी आतून कच्चे असू शकते. दांड्यांचे कोन चुकले तर गाडी सरळ चालत नाही. नळी फुटली की हवेवर उभी गाडी क्षणात खाली येते. म्हणून नुसत्या हवेच्या किंवा जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये; भक्कम लोखंडी स्टँड लावावेत. इथे अंदाजाची किंमत प्राणांनी मोजावी लागते.

आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करू देत नाही. रस्ता सर्वांचा असल्याने मला ते रास्त वाटते. तेव्हा आपण तो ट्रक घेऊ नये. काही काढून टाकण्यापूर्वी ते कोणकोणती कामे करत आहे हे पाहण्याची सवय घ्यावी. आपल्या गॅरेजांत पाटे बदलणाऱ्या कित्येकांना ती असते. त्यांना कोणी विचारत नाही, म्हणून ते सांगत नाहीत. अशा माणसाला आपण अशिक्षित म्हणतो, तेव्हा उणीव आपल्या शब्दातच असते.