मुरण्याची वेळ

वेदीवरील चषकातल्या द्राक्षारसाशी आपला परिचय बालपणापासूनचा. तो निर्भेळ द्राक्षांचा असावा आणि आंबून बिघडलेला नसावा, असा ख्रिस्तसभेचा नियमच आहे. परंतु द्राक्षारस बिघडतो कसा आणि मुरतो कसा, याचा विचार आपण सहसा करीत नाही. लोणचे मुरते तशी वाइनही मुरत असावी, एवढीच आपली समजूत. आम्हां उभयतांना याविषयी थोडे अधिक उमगले, ते काओरच्या वाइनमुळे.

2008 साली लूर्द येथील मरियामातेच्या दर्शनांना 150 वर्षे पूर्ण झाली. त्या वर्षी आम्ही यात्रेला गेलो. धाकटा भाऊ तेव्हा नोकरीनिमित्त तुलूझ शहरी राहत होता. यात्रा आटोपल्यावर त्याने आम्हांला तेथून उत्तरेला असलेल्या काओरला नेले. लो नदीच्या मोठ्या वळणाने तीन बाजूंनी वेढलेले हे गाव. नदीवर चौदाव्या शतकातला, तीन बुरुजांचा पूल आहे. 1316 ते 1334 या काळात आविन्यों येथून ख्रिस्तसभेची धुरा वाहणारे पोप जॉन बाविसावे याच गावचे सुपुत्र. येथील वाइन इतकी गडद की तिला 'काळी वाइन' हे नाव पडले. रशियातील ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये पवित्र विधीसाठी जी गोड तांबडी वाइन वापरतात, तिला 'कागोर' म्हणतात. ते नावही काओरवरूनच आले.

या वाइनने पुष्कळ सोसले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुळांवर जगणाऱ्या फिलॉक्सेरा किडीने येथील मळे उजाड केले. त्यातून सावरत असतानाच फेब्रुवारी 1956 मधील भीषण थंडीने बहुतेक वेली मारल्या. शेतकऱ्यांनी पुन्हा वेली लावल्या. 1971 साली काओरच्या वाइनला सरकारी मान्यतेचा दर्जा मिळाला. बाटलीवर काओरचे नाव घालायचे, तर आतील वाइनमध्ये निदान 70 टक्के मालबेक जातीची द्राक्षे असावी लागतात.

आम्ही 2005 सालच्या हंगामाच्या तीन बाटल्या घेतल्या. एक त्याच रात्री भावाच्या घरी उघडली. पांढऱ्या रुमालावर पेला तिरपा धरला, तर रंग पिकल्या जांभळासारखा, कडेपर्यंत जांभळाच. वासही जांभळाच्या जवळचा. पहिला घोट घेताच मात्र जीभ आणि हिरड्या आवळून आल्या. फार उकळलेल्या कोऱ्या चहाने येतो तोच तुरटपणा, पण कितीतरी पटींनी अधिक. हा गुण टॅनिनचा. द्राक्षांच्या साली व बिया रसात भिजत राहतात, त्यातून ते उतरते. ते लाळेतील प्रथिनांना बिलगते आणि तोंड कोरडे पडते. भावाने मटणाचे ताट पुढे सरकवले. मांसाच्या घासाबरोबर तीच वाइन एकाएकी सौम्य वाटू लागली, कारण टॅनिनला बिलगायला आता मांसातील प्रथिने मिळाली होती.

उरलेल्या दोन बाटल्यांची परीक्षा पाहायची, असे त्या रात्री ठरले. एक भावाच्या तळघरात ठेवायची, दुसरी वसईला आमच्या घरी. दोन्ही आडव्या, म्हणजे बूच ओले राहील. दोन्ही अंधारात. उघडायच्या त्या आईबाबांच्या लग्नाच्या सुवर्णमहोत्सवाला, 2018 च्या नाताळात.

बाटलीत काय घडते ते भावाने समजावले होते. टॅनिन आणि रंगद्रव्ये हळूहळू एकमेकांत गुंततात, जड होतात आणि गाळ होऊन तळाशी बसतात. तुरटपणा मवाळ होतो, जांभळा रंग विटकरीकडे झुकतो, ताज्या फळाच्या वासात सुक्या फळांचा, तंबाखूचा, ओल्या मातीचा वास मिसळतो. हे सारे 12 ते 14 अंशांच्या स्थिर गारव्यात घडावे लागते. तळघरात तो होता. आमच्या लाकडी कपाटाने मात्र दहा मे महिने सोसले.

2018 उजाडले तेव्हा बाबांची प्रकृती खालावली होती. नाताळात भाऊ आपली बाटली घेऊन आला. प्रवासाने ढवळलेला गाळ बसावा म्हणून ती चार दिवस उभी ठेवली. मग तो म्हणाला, "दादा, वहिनी, आणखी पाच वर्षं थांबलो तर ही याहून मऊ होईल." आम्ही उत्तर शोधत होतो, तेवढ्यात आई म्हणाली, "पन्नास वर्षं झाली. आणखी कशाला थांबायचं?"

मिस्सा आटोपून घरी आल्यावर मेणबत्तीच्या उजेडात दोन्ही बाटल्या सावकाश ओतल्या. वसईच्या बाटलीचे बूच वर सरकले होते. रंग तपकिरी, वास शिजलेल्या मुरंब्याचा, चव सपाट. तुलूझची वाइन अजून गडद होती, फक्त कडेला विटकरी छटा. तुरटपणा होता, पण तो आता टोचत नव्हता. इंद्यालच्या घासाबरोबर ती सगळ्यांना आवडली. बाबांनी दोन्ही चाखल्या आणि वसईचा पेला पुन्हा पुढे केला. "ही आपल्या घरची. हिने आपल्याबरोबर उन्हाळे काढलेत," असे म्हणून त्यांनी तो संपवला.

पुढल्या पुनरुत्थान सणाआधी बाबा प्रभूच्या घरी गेले.

नुसत्या काळाने काही मुरत नाही. दोन्ही बाटल्यांवरून तितकीच वर्षे गेली होती. एकीला निवारा लाभला, दुसरीला लाभला नाही. आपण वडीलधाऱ्यांना म्हणतो, वयाने माणूस शहाणा होतो. त्या शहाणपणाला गारवा देण्याचे काम घरच्यांचे असते, हे आपल्या ध्यानात येत नाही. काना गावच्या लग्नात उत्तम द्राक्षारस शेवटी आला, पण तो आला तेव्हा पाहुणे मांडवातच होते. कोणाच्या घरी एखादी बाटली चांगल्या दिवसासाठी राखून ठेवलेली असेल, तर ती गार जागी ठेवावी. आणि ज्यांच्यासाठी ती राखली, ती माणसे पंगतीला आहेत तोवर उघडावी.