कार्डाच्या पाठीवर

प्रदर्शनातून परत आलं की दीर पहिला प्रश्न विचारतात, "किती कार्डं मिळाली?" मला तो प्रश्न कधीच पटला नाही. कार्डं काय, जेवणाच्या रांगेत उभं राहिलं तरी हातात पडतात. ती कार्डं देणाऱ्यांपैकी महिन्याभराने फोनवर आपला आवाज ओळखणारे किती, हे विचारा म्हणावं.

शिरोली एमआयडीसीत आमची ग्रे आयर्नची छोटी फाउंड्री आहे. दीर ओतकाम बघतात, मी गिऱ्हाईक. बंगळुरूच्या इमटेक्सला आम्ही स्टॉल घेत नाही. परवडतही नाही आणि तशी गरजही नाही. मशिन बनवणारे सगळे तिथे जमलेले असतात आणि मशिन म्हटलं की बेड, हाउसिंग, गिअरबॉक्स ही कास्टिंगं आलीच. कोल्हापूरची रात्रीची बस तुमकुर रोडनेच बंगळुरूत शिरते, प्रदर्शनही त्याच रोडवर. पिशवी घेऊन थेट दारात उतरायचं.

2025च्या जानेवारीत बंगळुरूच्याच पीण्या भागातल्या एका मशिन कंपनीच्या स्टॉलवर डिझाइनचे एक इंजिनिअर भेटले. सेल्सची माणसं सुटाबुटातल्या पाहुण्यांमागे. हे मागच्या बाजूला एकटेच उभे. मी स्पिंडल हाउसिंगबद्दल विचारलं आणि त्यांना जे बोलायचं होतं ते भडाभडा बाहेर आलं. बोअरचा शेवटचा कट घेतला की ब्लोहोल उघडतात. तोवर मशिनिंगचा सगळा खर्च झालेला असतो. फाउंड्रीवाला कास्टिंग बदलून देतो, मशिनिंगचे पैसे कोण देणार?

बाहेर येऊन मी त्यांच्या कार्डाच्या पाठीवर लिहिलं: हाउसिंग, बोअर, शेवटचा कट, चॅपलेट? साच्यात कोअर जागेवर राहावा म्हणून लोखंडाचे बारके टेकू लावतात, ते चॅपलेट. त्यावर गंज किंवा ओल असली की तापलेला रस लागताक्षणी वायू सुटतो आणि तिथे पोकळी राहते. हे लिहायला मिनिट लागत नाही, पण रात्री लॉजवर बसून लिहू म्हटलं तर सगळे चेहरे एक झालेले असतात.

परत आल्यावर बहुतेक जण कंपनी प्रोफाइल पाठवतात. वर "इट वॉज नाइस मीटिंग यू", खाली फॅक्टरीच्या गेटचा फोटो आणि संस्थापकांचं छायाचित्र. ते कोणी उघडत नाही. मी दिरांना सांगून आमचं एक जुनं हाउसिंग बँडसॉवर उभं कापून घेतलं. चॅपलेट जिथे वितळून एकजीव झालं होतं त्या जागेचा जवळून फोटो काढला. मेलमध्ये फोटो आणि एकच प्रश्न: तुमची पोकळी दर वेळी त्याच जागी येते, की जागा बदलते? जागा बदलत असेल तर आधी वाळूतली ओल तपासायची. त्याच जागी येत असेल तर चॅपलेट नाहीतर कोअरची हवा निघायची वाट. विक्रीबद्दल अक्षर नाही.

बरेच दिवस उत्तर नाही. दीर म्हणाले, "फोन कर की." मी केला नाही. बोलण्यासारखं नवीन काही नसताना फोन केला, की समोरच्याला "बघतो, कळवतो" म्हणायची सवय लागते, आणि एकदा ती लागली की सुटत नाही. मग एक दिवस एका ओळीचं उत्तर आलं: त्याच जागी. मागोमाग ड्रॉइंग.

वेळेचंही एक शास्त्र आहे, आणि ते कुठल्या सेमिनारमध्ये शिकवत नाहीत. भोसरीच्या गिऱ्हाइकाला गुरुवारी फोन करायचा नाही, तिथली साप्ताहिक सुट्टी असते. महिनाअखेरीला कोणालाच नाही, सगळे डिस्पॅचच्या मागे असतात. सोमवारी सकाळी प्रॉडक्शन मीटिंग. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर गुलाबाचं सुप्रभात तर अजिबात नाही. बाईमाणसाने ते पाठवलं तर उत्तराला काही महाभाग रात्री अकराला गुड नाइट पाठवतात. माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवरून फक्त कास्टिंगचे फोटो आणि डिस्पॅचचे तपशील जातात.

पीण्याची पुढची पायरी म्हणजे खरेदी विभाग. इंजिनिअरला आपण हवे असतो, पण ऑर्डर त्याच्या हातात नसते. खरेदीवाल्याच्या हातात ऑर्डर असते, पण आपण नसलो तर त्याचं काही अडत नाही. म्हणून खरेदीला जाणारा प्रत्येक मेल मी इंजिनिअरसाहेबांनाही पाठवत होते. "रेट जास्त आहे," हे आलंच. त्यावर मी किलोचा भाव कमी केला नाही. पहिले नग ट्रायलचे धरा आणि शेवटच्या कटला पोकळी निघाली तर मशिनिंगचा खर्च आमचा, एवढं लेखी दिलं. दीर दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत.

पैशाची गोष्टही ओळख नवी असतानाच काढलेली बरी. आमची उद्यम नोंदणी आहे. 2006च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर 15. आयकरातल्या नव्या तरतुदीनंतर मुदत उलटूनही वर्षअखेरीपर्यंत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी खर्चात धरता येत नाही. हे ऐकून काही नवी गिऱ्हाइकं गप्प होतात. तीन महिने बिल थकवणाऱ्याचा पाठपुरावा करण्यापेक्षा ते परवडतं. पीण्याच्या माणसाने 45 दिवस कुरकुर न करता लिहून दिले.

ट्रायल पास झाली आणि कामं सुरू झाली. मध्येच ते इंजिनिअर नोकरी बदलून कोइमतूरला गेले. त्यांच्या जागी आलेल्या मुलाला आमचं नावही ठाऊक नव्हतं, त्यामुळे पीण्यात पुन्हा श्रीगणेशा. त्याला मी आमच्या कास्टिंगचे जुने तपासणी अहवाल पाठवले. कोइमतूरहूनही एक ड्रॉइंग आलं, पण ते एसजी आयर्नचं होतं. ते आमचं काम नाही. दुसऱ्याच दिवशी मी कागलच्या एका फाउंड्रीचा नंबर कोइमतूरला दिला आणि कागलला फोन करून कोण बोलणार, काय लागणार ते सांगितलं.

दिरांनी विचारलं, "यात आपल्याला काय मिळालं?" मी म्हटलं, पुढच्या वेळी त्यांचं ग्रे आयर्नचं ड्रॉइंग निघालं तर आधी कोणाला पाठवतात, ते बघू.